हल्ल्याची नोंद आणि नोंदकर्त्याची तटस्थता : वसई-निर्मळच्या संदर्भात

'तटस्थता' हा शब्द मराठी समीक्षेने फार सैलपणे वापरला आहे. कलावंताने आपल्या अनुभवापासून राखावयाचे अंतर, इतिहासकाराने आपल्या पक्षाभिमानाला घालावयाचा आवर आणि वृत्तपत्रकाराने दोन्ही बाजूंचे म्हणणे छापण्याचे पाळावयाचे कर्तव्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्या एकाच नावाने वावरतात आणि एकीचे निकष दुसरीला लावले जातात. एखाद्या रक्तरंजित प्रसंगाचे वर्णन संयत आहे, त्यात विशेषणे कमी आहेत, निवेदक मागे राहिला आहे, एवढ्यावरून ते 'विश्वसनीय' ठरविले जाते. उलट ज्याच्या वाक्यावाक्यातून संताप उसळतो त्याची साक्ष 'पूर्वग्रहदूषित' म्हणून बाजूस सारली जाते. शैलीचा गुण आणि साक्षीचे मोल यांची ही गल्लत राजकीय वादाचा विषय झालेल्या हिंसेच्या बाबतीत विशेष महाग पडते.

या गल्लतीची तपासणी करण्यास वसई परिसराइतके सोयीचे क्षेत्र मराठी मुलखात क्वचितच सापडेल. त्यातही निर्मळ. वसई तालुक्यातील हे गाव तलाव, मंदिर आणि शंकराचार्यांची मानली जाणारी समाधी यांसाठी प्रसिद्ध आहे. कार्तिकात येथे मोठी जत्रा भरते. गावात चर्चही आहे, आणि आसपासच्या वाड्यांतून सामवेदी व वाडवळी बोलणारी हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. निर्मळचे प्राचीन देवस्थान पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले आणि १७३९ नंतर, मराठ्यांच्या अमलात, वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव यांनी ते पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. एकाच ठिकाणच्या स्मृतीत दोन हल्ले आहेत. एकात पाडणारे पोर्तुगीज, दुसऱ्यात त्यांना हाकलणारे मराठे. आणि या दोहोंच्या मध्ये एक समाज आहे, ज्याला पहिल्या घटनेने ख्रिस्ती केले व दुसरीने पोरके केले. त्याची स्वतःची नोंद मात्र फारशी कोणी मागितली नाही.

'परंपरा सांगते' या क्रियापदापाशी थोडे थांबावयास हवे. निर्मळविषयी लिहिणारे बहुतेक जण ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरचा आधार घेतात. गॅझेटियरची भाषा कोरडी, क्रमवार, सरकारी. तिला आवाज नाही असे वाटते, आणि म्हणूनच ती प्रमाण मानली जाते. परंतु गॅझेटियरच्या स्थलवर्णनांतील बराच मजकूर स्थानिक अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांकडून ऐकून पाठविलेला होता. म्हणजे त्या कोरड्या वाक्याच्या पाठीमागे गावातल्या कोणाचा तरी तोंडी वृत्तांत आहे. तो देवळाच्या पुजाऱ्याचा, महालकऱ्याच्या कारकुनाचा की एखाद्या शेतकऱ्याचा, हे वाक्याने पुसून टाकले आहे. पुढे एखादा स्थानिक इतिहासकार तेच वाक्य उतरवितो, त्याच्यावरून दुसरा, आणि तिसऱ्या पिढीला 'अनेक ग्रंथांत नोंद आढळते' असे म्हणावयास मोकळीक मिळते. ग्रंथ अनेक, साक्षीदार एक. देवस्थान पाडले गेले नाही असे येथे सुचवावयाचे नाही. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज धोरण पाहता पाडले गेल्याचे नाकारणे हेच अधिक धाडसाचे ठरेल. गोव्यातील व उत्तर कोकणातील मंदिरांच्या विध्वंसाची कबुली पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या लेखनातच आहे, आणि तीही खंत म्हणून नव्हे, कर्तबगारी म्हणून. प्रश्न वेगळा आहे. एका गावाविषयीचे विशिष्ट विधान आणि एका राजवटीविषयीचे सर्वसाधारण विधान यांना पुरावा वेगवेगळा लागतो. दुसऱ्याच्या बळावर पहिले सिद्ध झाले असे मानण्याची सवय दोन्ही बाजूंच्या लेखकांना आहे.

वसईच्या १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेसंबंधी साधने विपुल आहेत. 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या मालिकेतील वसई मोहिमेचा खंड, चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे, अंजूरकर नाईकांच्या घराण्याशी निगडित हकीकती, साष्टीची बखर, पोर्तुगीज दप्तरातील पत्रव्यवहार, मुंबईकर इंग्रजांच्या नोंदी, आणि या सर्वांवर आधारलेले ग्रँट डफ, गर्सन द कुन्य, य. न. केळकर, पांडुरंग पिसुर्लेकर यांचे लेखन. मराठी समीक्षेने या साधनांची वाटणी मात्र विचित्र केली आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या तुलनेत बखरींचे दौर्बल्य दाखवून दिले. इतिहासाच्या न्यायालयातून हाकलली गेलेली बखर साहित्याने दत्तक घेतली. बखरीचे गद्य, तिची नाट्यमयता, तिच्यातील व्यक्तिचित्रे यांवर ग्रामोपाध्ये, हेरवाडकर आदींनी मोलाचे काम केले. पण या दत्तकविधानाची किंमत अशी की पत्र हे इतिहासकाराचे आणि बखर ही समीक्षकाची अशी हद्द ठरून गेली. पत्राला वक्तृत्व नसते व बखरीला साक्ष देता येत नाही, असा समज त्यातून रूढ झाला. दोन्ही समज चुकीचे आहेत.

चिमाजी अप्पांच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्राचेच उदाहरण घेता येईल. वसईच्या वेढ्यासंबंधी ते प्रथम दर्जाचे साधन मानले जाते आणि तसे ते आहेच. लिहिणारा स्वतः रणांगणावर होता, लेखन घटनेला अगदी लागून आहे. परंतु ते कोणाला लिहिले आहे? ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशवे घराण्याचे गुरू होते, आणि सावकारही होते. पारसनिसांनी १९०० साली स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आणि त्यांत स्वामींना राष्ट्रगुरूच्या पदावर बसविले, तेव्हा राजवाड्यांनी साधनांच्या तिसऱ्या खंडात त्या चित्रावर कठोर टीका केली. त्या वादाचा निकाल काहीही लागो, अशा पुरुषाला लिहिलेले पत्र हे निवेदन असते तसेच निवेद्यही असते. विजयाचे श्रेय स्वामींच्या आशीर्वादाला देणे हे त्या पत्रप्रकाराचे व्याकरण आहे. त्यावरून युद्धाचे कारण वा स्वरूप ठरविणे म्हणजे दरबारी पत्राच्या मायन्यावरून लेखकाचे मन ओळखण्यासारखे आहे.

त्याच पत्रातील दुसरा भाग पाहावा. सुरुंग लावले, त्यांतला एक उडाला, लोक भगदाडातून चढू लागले, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपल्याच माणसांची दाणादाण केली, हा वृत्तांत. येथे सेनापती आपल्या फौजेच्या फसलेल्या नियोजनाची हकीकत गुरूला सांगत आहे. ती सांगण्यात त्याचा फायदा नाही; गुरूच्या आशीर्वादाशी तर ती विसंगतच आहे. नोंदकर्त्याच्या हिताविरुद्ध जाणारा तपशील त्याच्या हिताच्या तपशिलापेक्षा अधिक वजनदार ठरतो, हा साक्षीच्या परीक्षणातील जुना नियम. एकाच पत्राचा एक परिच्छेद त्यामुळे प्रकारनिष्ठ वक्तृत्व आणि दुसरा परिच्छेद उत्तम पुरावा असू शकतो. पत्र 'विश्वसनीय' की 'अविश्वसनीय' हा प्रश्नच मग ढोबळ वाटू लागतो. विश्वसनीयता संहितेला सरसकट चिकटलेली नसते, विधानागणिक तपासावी लागते. पेशवे दप्तरातील मोहिमेचे कागद वाचताना हे अधिक जाणवते. तेथे मुख्य भर दारूगोळा, माणसे, होड्या आणि पैसा यांवर आहे, कारण वाचणारा गुरू नसून कारभारी आहे. मोहीम तीच, माणसेही बरीचशी तीच. वाचणारा बदलला की हल्ल्याचा अर्थ बदलतो.

बखरीला आणि हकीकतींना याच रीतीने वाचावयास हरकत नाही. गंगाजी नाईक अंजूरकरांनी पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे धाव घेतली, हा वसई मोहिमेच्या कथनातील आरंभबिंदू. घराण्याच्या हकीकतीत तो ठळक असणे स्वाभाविक आहे. असल्या लेखनाचा एक उद्देश घराण्याची सेवा व तीतून निर्माण होणारे हक्क नोंदविणे हा असतो. म्हणून नाईकांच्या महत्त्वाविषयीची तिची विधाने जपून घ्यावीत. पण वतनी हक्क सांगताना ती सहजगत्या जी माहिती देऊन जाते, कोणत्या वाटेने माणसे नेली, कोण फितूर झाले, कोणाच्या घरी मसलत बसली, ती बनविण्याचे कारण तिला नसते. समीक्षकाने बखरीची नाट्यमयता वाखाणून तिला सोडून देऊ नये. तिच्यातील नाट्य कोठे संपते आणि हिशेब कोठे सुरू होतो, ही सीमारेषा ओळखण्याचे कौशल्य इतिहासकारापेक्षा त्याच्यापाशीच अधिक असावयास हवे.

इंग्रजांच्या नोंदींना तिऱ्हाइताचा मान मिळत आला आहे. दोन पक्ष लढत असताना मुंबईच्या बेटावरून पाहणारा तिसरा तो निःपक्षपाती, असे हे साधे तर्कशास्त्र. प्रत्यक्षात मुंबईच्या कौन्सिलने वसईच्या पोर्तुगीजांना पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले ते चर्चची चांदीची भांडी आणि तोफा तारण ठेवून घेऊन. आणि वसई पडताच चिमाजी अप्पांकडे आपला वकील धाडून तह केला तो त्याच वर्षी. ज्याच्यापाशी एका पक्षाचे तारण आहे व दुसऱ्याशी तहाची घाई आहे, त्याला तटस्थ म्हणावयाचे तर शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळावे लागते. तटावर उभा असलेला तो तटस्थ; पण नदीला दोन तट असतात आणि उभे राहणाराला त्यांपैकी एक निवडावाच लागतो. इंग्रजी नोंदी यामुळे टाकाऊ ठरत नाहीत. त्या व्यापाऱ्याच्या नोंदी आहेत, आणि व्यापारी ज्या गोष्टी बारकाईने मोजतो त्यांबाबत त्या उत्कृष्ट आहेत.

मोजणीच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. वसईचा तह १६ मे १७३९ रोजी झाला असे आपण लिहितो ते ग्रेगोरियन पंचांगानुसार. मुंबईचे इंग्रज त्या वेळी जुने, ज्युलियन पंचांग पाळीत, त्यांच्या कागदांत तोच दिवस ५ मे असा येतो. मराठी कागद तिथीने किंवा मुसलमानी चंद्राने बोलतात. तीन दिनांक पाहून तीन घटना कल्पिणे वा एका साधनाला खोटे ठरविणे असे प्रकार होऊ शकतात. मृतांच्या आकड्यांची गत याहून बिकट. ग्रँट डफने वेढ्यातील मराठ्यांची हानी पाच हजारांवर आणि पोर्तुगीजांची आठशे दिली आहे. पोर्तुगीजांचा आकडा ठार व जखमी मिळून आहे. मराठ्यांच्या आकड्यात जखमी धरले आहेत की नाहीत हे त्याच्या वाक्यावरून सुटत नाही. नंतरचे लेखक मात्र हे दोन आकडे समोरासमोर उभे करून कोणाचे शौर्य किती याचा हिशेब मांडतात. गंमत अशी की या असमान आकड्यांचा उपयोग दोन्ही बाजूंना करता येतो. एकाला ते मराठ्यांच्या बलिदानाचे प्रमाण वाटतात, दुसऱ्याला पोर्तुगीजांच्या चिवटपणाचे. एकक एक नाही, हे सांगण्यात कोणाचाच रस नसतो.

आता दोन लोकप्रिय कथांकडे वळता येईल. पहिली, किल्ला हाती येत नाही असे पाहून चिमाजी अप्पांनी आपले मस्तक तरी तोफेच्या गोळ्याबरोबर किल्ल्यात टाका असे उद्गार काढल्याची. दुसरी, हाती लागलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या स्त्रीला त्यांनी सन्मानाने परत पाठविल्याची. पहिलीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सेनापतीच्या हट्टाचे ते वीरकाव्याला साजेसे रूप आहे आणि ज्या काळाने ते सांगितले त्या काळाच्या आकांक्षेची ती साक्ष आहे. दुसरीचे प्रकरण अधिक उद्‌बोधक आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची शिवचरित्रातील कथा आणि वसईची ही कथा यांचा साचा एकच आहे, आणि दोन्ही जोडीनेच सांगितल्या जातात. बहुतेक लेखकांनी त्यांत मराठ्यांच्या औदार्याचे दर्शन घेतले. सावरकरांनी 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने'मध्ये नेमकी याच दोन प्रसंगांवरून शिवाजी महाराज व चिमाजी अप्पा यांना दोष दिला, शत्रूने केलेल्या अत्याचारांची परतफेड न करण्याला त्यांनी सद्‌गुणविकृती मानले. गौरव करणारा आणि दोष देणारा यांचे मूल्यनिर्णय परस्परविरुद्ध आहेत. तथापि दोघांनीही घटना घडली हे गृहीतच धरले आहे. वाद मूल्यांचा पेटला की वस्तुस्थितीची चौकशी थांबते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

चौकशी करावयाची तर तहाचा कागद हाताशी आहे. गर्सन द कुन्यने १८७६च्या आपल्या चौल-वसईवरील ग्रंथात त्याची कलमे दिली आहेत. शिबंदीने सन्मानाने बाहेर पडावे, जाऊ इच्छिणाऱ्यांना कुटुंबासह व जंगम मालमत्तेसह जाऊ द्यावे, राहतील त्यांना धर्माचरणाची मोकळीक असावी, तीन चर्चना संरक्षण मिळावे. हा मजकूर पाहिला की स्त्रीला परत पाठविण्याची कथा निराळ्या उजेडात दिसते. जे कुटुंबांना सुरक्षित जाऊ देण्याचे कलम होते, दोन्ही पक्षांनी मान्य केलेले बंधन होते, त्याचे कथेने एका पुरुषाच्या व्यक्तिगत गुणात रूपांतर केले असावे. कलमाला नायक नसतो, कथेला लागतो. यात चिमाजी अप्पांचे काही उणे होत नाही. दोन वर्षांच्या रक्तपातानंतर विजयी सेनापतीने करार केला आणि शत्रूला वाट दिली, ही गोष्ट स्वतंत्रपणे मोलाची आहे, आणि तिला स्त्रीदाक्षिण्याच्या साच्याची गरज नाही.

तहातील 'राहतील त्यांना' हे शब्द प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. राहिले कोण? पोर्तुगीज अंमलदार, सरदार आणि त्यांचे आश्रित गेले. मुख्यतः कोळी, शेतकरी, वाडीवाले राहिले. हे लोक या भूमीतलेच, त्यांची बोली मराठीच. 'फिरंगी' हा एक शब्द मराठी साधनांत तोफा डागणाऱ्या पोर्तुगिजाला वापरला जातो. पुढच्या लेखनात तोच शब्द कधी नकळत, कधी जाणूनबुजून, या स्थानिक ख्रिस्ती माणसापर्यंत ताणला जातो. 'वसईचा विजय', 'वसईची मोहीम', 'वसईचे पतन', 'धर्मयुद्ध' या नावांत पक्ष आहे हे समीक्षकांना लगेच दिसते. सर्वनामांत तो अधिक खोल दडलेला असतो. 'त्यांनी आपली देवळे पाडली, आपण त्यांना घालवून दिले' या वाक्यात निर्मळच्या चर्चमध्ये जाणारा मराठी माणूस कोठे बसतो? त्याचा पूर्वज, ज्याच्या गावचे देऊळ पडले त्या 'आपण'मध्ये होता. पुढे तोच 'त्यांनी'त ढकलला गेला, आणि त्याने काही केले म्हणून नव्हे. फादर फ्रान्सिस कोरिया यांच्या 'सामवेदी ख्रिस्ती समाज' या ग्रंथाचे महत्त्व या दृष्टीने पाहावे लागते. तो सर्वार्थाने तटस्थ ग्रंथ आहे असा दावा करण्याचे कारण नाही. समाजाने स्वतःविषयी लिहिलेल्या ग्रंथाला असणारी ममता त्याला आहे. तरी त्याने कथनातील सर्वनामे हलविली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली असता जो विरोध उमटला, त्यातही अठराव्या शतकातला हाच सर्वनामाचा घोळ ऐकू येत होता.

पोर्तुगीज सत्तेखालच्या हिंसेची दुसरी नोंद, गोव्यातली, ताडून पाहिल्यास साधनांच्या असमतोलाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांचे काही सोबती गावकऱ्यांच्या हल्ल्यात मारले गेले. नंतर बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. साष्टीच्या जेझुइटांपैकी एक थॉमस स्टीफन्स, म्हणजे १६१६चे 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स. मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. मराठीच्या अभ्यासकाला ज्यांच्या ओव्यांचे माधुर्य शिकविले जाते त्यांचा या रक्तरंजित प्रकरणाशी इतका निकटचा संबंध होता, हे पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. असो. हल्ल्याचे जवळजवळ सर्व तपशील जेझुइटांच्या पत्रांतून आलेले आहेत, आणि ती पत्रे हुतात्मावृत्तांत या धर्मसाहित्यप्रकाराच्या साच्यात ओतलेली आहेत. मृत्यूच्या क्षणी जोडलेले हात, मारेकऱ्यांना क्षमा, आकाशाकडे नजर. रोमने १८९३ साली त्या पाचांना 'धन्य' घोषित केले. अलीकडच्या काळात गोव्यात त्याच घटनेकडे परकीय सत्तेविरुद्धचा पहिला उठाव म्हणून पाहिले जाऊ लागले आणि मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारक उभे राहिले.

येथे 'दोन्ही बाजू' मांडणे म्हणजे काय? एका बाजूला पत्रांचे गठ्ठे आहेत, दुसरीकडे गावाची आठवण. गावकऱ्यांनी लिहिलेला एकही समकालीन वृत्तांत उपलब्ध नाही. दोहोंना सारखी पाने देणे ही तटस्थता वाटते, पण तीत साधनांच्या असमतोलावर पांघरूण घातले जाते. अधिक प्रामाणिक मार्ग जेझुइटांची पत्रेच त्यांच्या हेतूविरुद्ध वाचण्याचा आहे. त्यांत गावकऱ्यांच्या रागाची कारणे, पाडलेली देवळे, नव्या चर्चसाठी पाहिलेली जागा, आलेच्या सैनिकी मोहिमा ही माहिती जाता जाता येते, कारण लेखकांना ती लपविण्याजोगी वाटलीच नाही. हल्लेखोरांची बाजू त्यांच्या शत्रूंच्या कागदांतच शिल्लक आहे. ती तेथून काढणे हे वाचनाचे काम आहे, सहानुभूतीचे नव्हे. आणि ती काढल्याने निःशस्त्र माणसांची हत्या ही हत्याच राहते.

आधुनिक काळात साक्ष तपासण्याचे काम न्यायिक आयोगांकडे गेले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३च्या मुंबई दंगलींसंबंधीचा न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल हा मराठी समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा चौकशीग्रंथ. समीक्षेने तो संहिता म्हणून जवळजवळ वाचलेलाच नाही. राज्य शासनाने जानेवारी १९९६ मध्ये आयोग गुंडाळला, मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. ९०० मृतांची त्याने केलेली विभागणी अशी : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ अन्य. या आकड्यांतला 'अज्ञात' हा रकाना लक्षणीय आहे. राजकीय कथनाला असा रकाना परवडत नाही. त्याला प्रत्येक प्रेत कोणा एकाच्या खात्यावर लागते. पंचेचाळीस मृतदेहांची ओळख पटली नाही असे लिहून ठेवण्यात नोंदकर्त्याची शिस्त दिसते. अहवाल विधिमंडळापुढे आला तेव्हा शासनाने त्यावर हिंदुविरोधी व पक्षपाती असल्याचा शिक्का मारला. आरोप साक्षींच्या तपशिलावर नव्हता, निष्कर्षाच्या दिशेवर होता. एका पक्षाकडे अधिक दोष जातो म्हणून नोंद पक्षपाती, असे मानले तर तटस्थतेचा अर्थ दोषाची समान वाटणी एवढाच उरतो. वास्तवात दोष समान वाटला गेला असेलच याची हमी कोणी द्यावी?

निर्मळ ज्या पालघर जिल्ह्यात आज आहे, त्याच जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. परिसरात चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. हत्येनंतर तिला धार्मिक रंग देणारे वृत्तांत इतक्या वेगाने फिरले की गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. आधी अफवेने हल्ला घडविला, मग अफवेनेच त्याची नोंद केली. बखरकाराला निदान काही वर्षांचे अंतर होते.

तात्कालिक नोंद आणि दूरची नोंद यांतले अंतर हा गुण की दोष, याचे उत्तर सरसकट देता येत नाही. चिमाजींच्या पत्रातला सुरुंगाचा वृत्तांत ताजा म्हणून मौल्यवान आहे. गडचिंचल्याचे पहिल्या दोन दिवसांतले वृत्तांत ताजे असूनच निरुपयोगी ठरले, कारण सांगणारे तेथे नव्हते. घटनेच्या जवळ असणे आणि घटनेच्या वेळेजवळ असणे या दोन गोष्टी आहेत.

निर्मळच्या बाबतीत हाच भेद उलटा लावून पाहता येईल. तेथील तोंडी परंपरा घटनेपासून साडेचार शतके दूर आहे, पण ज्या ठिकाणी ती सांगितली जाते ते ठिकाण घटनेचेच आहे. सामवेदी बोलीत ख्रिस्ती घरांतून आणि हिंदू घरांतून तलावाविषयी, देवळाविषयी, मराठ्यांच्या येण्याविषयी काय सांगितले जाते, हे शेजारी शेजारी ठेवून नोंदविण्याचे काम विद्यापीठीय संशोधनाने पुरेशा गांभीर्याने हाती घ्यावयास हवे. दोन्ही घरांतले वृत्तांत जुळतात तेथे जुळणीला वजन आहे, बशर्ते दोघांनीही ते शाळेच्या एकाच पुस्तकातून उचललेले नसतील. जेथे ते फाटतात तेथे फाटण्याची जागा नोंदवावी. सांगणाराचे वय, वाडी, त्याने ते कोणाकडून ऐकले आणि समोर ऐकायला कोण बसले होते, हे मजकुराइतकेच लिहून ठेवावे लागेल. ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रांनी शिकविलेला धडा तोच आहे.

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. देऊळ १७४७चे, घंटेवर ओतल्याचे वर्ष १७२१. वाईजवळ मेणवलीला अशीच एक, १७०७ची. दोन्ही वसईच्या विजयाच्या खुणा म्हणून दाखविल्या जातात. घंटांवरचा लेख त्या कधी ओतल्या ते सांगतो. वसईच्या कोणत्या चर्चमधून, कोणाच्या हातून, लुटीतून की तहानंतरच्या वाटणीतून त्या घाटावर आल्या, हे त्यांच्यावर कोरलेले नाही. ते दाखविणारा माणूस सांगतो.